हळदीचा आठवडा

शनिवारी दुपारी पंधरा गुंठ्यांतली शेवटची हळद उकरून झाली. बयाबाई कंबर सरळ करायला उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि सहज म्हणून तिनं रस्त्याकडं बघितलं. वाटेच्या तोंडाशी तीन माणसं वाकून काहीतरी करत होती. सिमेंटचे खांब रोवून झाले होते. आता तार ओढणं चाललं होतं.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "तिकडं बघा काय चाललंय."

केरबा फतकल मारून गड्ड्यांची माती झाडत बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं फार पूर्वी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी तो कुदळ धरायचा आणि चर्चमध्ये ढोलकीही वाजवायचा. त्यानं कपाळावर हात धरून लांब बघितलं.

"लालासायेबाची माणसं."

"त्ये कळतंय मला. आपली वाट बंद करत्यात."

केरबाचं रान आणि डांबरी रस्ता यांच्या मधे लालासाहेबाची पट्टी होती. तिच्या कडेनं एक गाडीवाट गेली होती, केरबाच्या बापाच्या वेळेपासूनची. मागच्या साली हळद न्यायला आलेला भाड्याचा ट्रॅक्टर वळताना लालासाहेबाच्या ठिबकच्या नळ्या चिरडून गेला. तेव्हापासून लालासाहेब धुमसत होता. यंदा थंडीत त्यानं सरकारी मोजणी आणली. नकाशात वाट नव्हती. केरबा दोनदा त्याच्या घरी जाऊन आला होता; दोन्ही वेळी "बघू" एवढंच उत्तर मिळालं होतं.

सूरज पोती शिवत होता. हा केरबाचा मुलगा, माधवनगरला एका गिरणीच्या टेम्पोवर ड्रायव्हर; हळदीसाठी पंधरा दिवसांची रजा काढून आला होता. त्यानं दाभण पोत्यात खुपसलं आणि उठला.

"पक्कड कुठाय? चार तारा हायत. चार मिन्टांचं काम."

"आन् पाचव्या मिन्टाला?" केरबानं विचारलं.

"पाचव्या मिन्टाला काय त्ये बघून घेईन मी."

"बस खाली. पोती शीव."

केरबा उठून रस्त्याकडं निघाला. बयाबाईला राहवेना, तीही मागोमाग गेली.

लालासाहेब मोटारसायकलीला टेकून उभा होता. पंचावन्नचा, भरल्या अंगाचा, पांढऱ्या शर्टाच्या खिशात मोबाईल.

"आण्णा," केरबा म्हणाला, "नकाशा तुमचा खरा आसंल. त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पर मंगळवारी हळद शिजवायचा कुकर यायचाय. तेवढी हळद भायेर काढू द्या. मग लावा तार."

"गेल्या साली माझ्या नळ्या फुटल्या तवा कोण आलतं?"

"मी आलतो की. चुकलं म्हणून पाया पडलो हुतो."

"तुमच्यात माफी लय सस्ती मिळती केरबा. नळ्या सस्त्या मिळत न्हाईत."

तार ओढणारे गडी हसले. लालासाहेबाचं लक्ष बयाबाईकडं गेलं.

"काय बयाबाई? तुमचा येशू मेल्याली माणसं उठवतोय म्हणं. मग ह्या चार तारा त्याला काय जड हायत?"

गडी पुन्हा हसले, या वेळी मोठ्यानं. बयाबाईचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं आणि ते वाईट होतं. तिनं ते गिळलं.

"ओढ्याच्या कडंनं पाऊलवाट हाय की," लालासाहेब म्हणाला. "ती काय मी आडवली न्हाई. डोक्यावरनं न्या." आणि त्यानं गाडीला किक मारली.

पोती साठ भरली होती. ओढ्याच्या कडेनं वळसा घालून रस्त्यापलीकडच्या माळावर, जिथं कुकर लागायचा तिथं, जायचं म्हणजे अर्धा मैल, त्यात मधे ओढ्याची उतरण आणि चढण. आणि मंगळवारी पाळी चुकली की कुकर पुन्हा पंधरा दिवस येणार नव्हता. उकरलेली हळद तेवढे दिवस टिकत नाही.

जेवताना सूरज बोललाच.

"आबा, तुमी आसंच वाकत ऱ्हावा. मी तालुक्याला जातो, तक्रार देतो. कायद्यानं वाट अडवता येत न्हाई."

"दे की," केरबा म्हणाला. "तक्रार द्यायला मी न्हाई म्हणत न्हाई. पर तक्रार मंगळवारच्या आत निकाली निघती का?"

सूरजनं भाकरीचा तुकडा मोडला.

"मग मंगळवारपतूर डोक्यावर न्यायची. आन् तार तोडायची न्हाई."

"का पर?"

"आपलं राज्य पक्कडीवर चालत न्हाई म्हणून."

सूरजची बायको स्वप्नाली पाचव्या महिन्यात होती. ती भाकरी वाढता वाढता थांबली आणि सासूकडं बघू लागली. बयाबाईनं भाकरीची दुरडी आपल्याकडं ओढली. तिला नवऱ्याचं पटत होतं आणि पटतही नव्हतं. त्या गड्यांचं हसणं अजून तिच्या कानात होतं.

हसणं तिला नवीन नव्हतं, आणि त्याहून मोठं दुःख तिनं पचवलं होतं. तिचा थोरला, दानियल, नऊ वर्षांचा असताना सापानं गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरगं निळं पडलं होतं. त्यानंतर वर्षभर बयाबाई चर्चची पायरी चढली नाही. केरबा दर रविवारी एकटा जायचा आणि एकटा यायचा, तिला कधी चल म्हणाला नाही. ती मात्र रानात भांगलता भांगलता देवाशी भांडायची. मोठ्यानं. पोराला न्यायचं हुतं तर दिलास कशाला, राजा म्हणवतोस आन् एक साप आवरत न्हाई तुला. रोज. आणि एका सकाळी खुरपं हातात असताना तिच्या ध्यानात आलं की वर्षभर आपण एक दिवसही भांडण चुकवलं नाही. चावडी रिकामी असती तर कोण एवढं भांडलं असतं? आत कुणीतरी बसलेलं होतं, ऐकत होतं, आणि एवढ्या शिव्या खाऊन उठून गेलं नव्हतं. पोरगं परत आलं नाही. पण त्या रविवारी ती लुगडं बदलून केरबाच्या मागनं चालू लागली. केरबानं वळून बघितलं आणि चाल हळू केली, एवढंच.

तार लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. गावात ख्रिस्ती घरं आठ. पाळकसाहेब मिरजेहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी केरबाच उपासना चालवायचा. बायकापोरांनी ओढ्यातनं शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या. सगळे झावळ्या हलवत, गाणी म्हणत गल्लीतून फिरले. केरबा पुढं, गळ्यात ढोलकी. तीन बोटांनी वाजवली तरी ठेका चुकत नव्हता.

चर्चमध्ये बसल्यावर केरबानं शुभवर्तमानातला, येशू राजा म्हणून शहरात येतो तो उतारा वाचला. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत म्हणाला, "राजा म्हटल्यावर घोडा पायजे, भालदार पायजेत. ह्यो आला गाढवाच्या शिंगरावर. ज्यानं त्याला बघितलं त्याला वाटलं आसंल, ह्येच्यानं काय हुणार? आन् आजपतूर ज्ये ज्ये घोड्यावर बसून आलं त्येंची नावं आपल्याला ठावं न्हाईत. ह्येचं हाय."

सूरज दाराशी हाताची घडी घालून उभा होता. बयाबाईला कळलं, हे कुणासाठी चाललंय.

घरी येताना सूरज म्हणाला, "आबा, तुमच्या राजाला निदान वाट तरी हुती."

केरबा एकदम हसला. "व्हय की रं. आन् वर झावळ्या टाकल्याली."

सूरजलाही हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण बयाबाईनं बघितलं.

जेवण करून तिघं कामाला लागले. पोतं अर्धं करायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं. ओली हळद शिशासारखी जड. सपाटीवर काही वाटत नव्हतं, पण उतरणीला गुडघे थरथरायचे आणि चढणीला मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. सूरज दोन खेपा करी तेव्हा केरबाची एक होई. बयाबाईनं खेपा मोजायचं सोडून दिलं. ती फक्त पुढचं पाऊल बघत होती. लालासाहेबाचे गडी उसाला पाणी देत होते; त्यांच्या समोरून जाताना ती मान ताठ ठेवायची.

सहाव्या का सातव्या खेपेला उतरणीवर तिचा पाय घसरला. ती बसकण मारून खाली आली आणि पोतं फुटून हळद ओढ्याच्या वाळूत सांडली. गुडघा सोलवटला. वरून एक गडी ओरडला, "मावशी, लागलं का?" आणि दुसरा हसला. पहिल्याची चौकशी खरी होती, पण तिला दुसऱ्याचं हसणंच ऐकू आलं. ती वाळूत तशीच बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते गुडघ्यासाठी नव्हतं.

"वैनी, उठा. गोळा करू या."

समोर धुळा उभा होता. जतकडचा धनगर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याची मेंढरं चार दिवसांपासून ओढ्याच्या अंगाला एकाच्या रानात खतासाठी बसवली होती. येता जाता राम राम व्हायचा, एवढीच ओळख. त्यानं काठी ठेवली आणि वाळूतली हळद वेचू लागला.

"कालपासनं बघतोय मी," तो म्हणाला. "तार लावली व्हय त्येंनी?"

"लावली."

"आमाला सगळीकडं लावत्यात. जिथं जाईल तिथं तार." त्यानं ओंजळीतली हळद पोत्यात टाकली. "माझी तीन तट्टं हायत. संसार लादायला ठेवल्याली. सध्या नुसती उभी ऱ्हाऊन माशा मारत्यात. न्यू का?"

"आवो, पर तुमाला काय द्यायचं आमी?"

"काय द्यायचं? त्येंच्या पाठीला सवय ऱ्हावी म्हणून म्हणतोय मी."

धुळ्याची तट्टं बुटकी, हट्टी आणि पायांत पक्की होती. एकेक तट्टू दोन्ही अंगाला एकेक भरलं पोतं घेऊन ओढा चढायचं, जसं काही रिकामंच चाललंय. संध्याकाळपर्यंत वीस पोती माळावर पोचली. सोमवारी उरलेली. शेवटच्या खेपेला केरबा एका तट्टाच्या गळ्यावर हात ठेवून चालत आला आणि सूरजला म्हणाला, "बघ रं. गाढव न्हाई मिळालं, पर सोयऱ्यातलं मिळालं."

स्वप्नालीनं धुळ्यासाठी जेवण बांधून ठेवलं होतं. त्यानं ते घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "ह्यो आमचा जोतिबा, ह्यो तुमचा येशू. रानात कुणाची तरी नजर पायजे बघा माणसावर."

"हाय की," केरबा म्हणाला.

मंगळवारी सकाळी कुकर आला. ट्रॅक्टरच्या मागं जोडलेली टाकी, तिच्याखाली भट्टी आणि वर वाफेचे ड्रम. माळावर आधीच लालासाहेबाची हळद वाळत पडली होती; त्याची पाळी चार दिवस आधी झाली होती. तीन एकरांची हळद, माळभर पसरलेली. तिच्या शेजारी केरबाची साठ पोती लहान दिसत होती, पण बयाबाईला ती डोंगराएवढी वाटली. एकेक पोतं तिच्या मानेला ठाऊक होतं.

भट्टीत हळदीचाच वाळला पाला आणि लाकडं जळत होती. ड्रममधनं वाफ फुसफुसायला लागली तसा पिवळा, मातकट, औषधी वास माळभर सुटला. कुकरवाला काडी घेऊन यायचा, एक हळकुंड काढून टोचायचा. काडी लोण्यात गेल्यासारखी गेली की ड्रम उलटा. गरम हळद पसरायला सूरज आणि केरबा लाकडी दाताळं घेऊन धावायचे. सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले.

स्वप्नालीनं फडक्यात रताळी बांधून वाफेच्या ड्रममध्ये टाकायला दिली होती. दुपारी ती काढली तेव्हा पिवळीधमक, हळदीच्या वासाची. सूरजनं एक तोडून तोंडात टाकलं आणि गरम लागल्यावर नाचला.

"आये, हिच्या पोटात आत्ताच हळद गेली तर पोरगं पिवळं हुईल का गं?" तो स्वप्नालीकडं बोट दाखवत म्हणाला.

"हू दे. हळदीच्या अंगाचं म्हणत्याल," बयाबाई म्हणाली.

ती सावलीला पाय पसरून बसली होती. गुडघ्यावर खपली धरली होती. अंग मोडून आलं होतं, मान वळत नव्हती, आणि तरी तिला इतकं निवांत वाटत होतं की तिलाच नवल वाटलं. तार तिथंच होती. लालासाहेब तसाच होता. काही सुटलेलं नव्हतं. पण रताळं गोड होतं आणि पोरगं हसत होतं. देवानं आजचं आज दिलं होतं. तिनं मनात त्याला तेवढंच सांगितलं, मिळालं बरं का.

बुधवार, गुरुवार ऊन कडक पडलं. हळद रोज दोनदा परतायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी चर्चमध्ये तीन तासांची उपासना झाली. पत्र्याखाली उकडून जीव नकोसा झाला होता. केरबा क्रुसावरच्या गोष्टी सांगत होता आणि घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. बाहेर आले तेव्हा खानापूरकडच्या डोंगरावर ढग उभे होते.

"उद्या येतंय ह्ये," केरबा म्हणाला.

शनिवारी दुपारी चारला वारं सुटलं. माळावर बयाबाई, केरबा आणि सूरज होते. त्यांनी भराभरा हळद ओढून दोन राशी केल्या. घरची एकच मोठी ताडपत्री होती आणि जुना, फाटका प्लास्टिकचा कागद एक. ताडपत्रीनं दोन्ही राशी झाकल्या असत्या.

सूरज ताडपत्री उलगडत होता तेवढ्यात पलीकडून हाक आली.

लालासाहेब घरच्यांना आणि गड्यांना घेऊन सकाळीच कोरेगावला लग्नाला गेला होता. माळावर त्याची सून संयोगिता होती, काखेत वर्षाचं पोर, आणि त्याची आई बनुबाई, ऐंशीची. संयोगिता एका हातानं दाताळं ओढायचा प्रयत्न करत होती. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून उडत होता.

"केरबा मामा!" ती ओरडली. "ताडपत्र्या हितल्या खोलीत हायत, किल्ली मामांजींकडं ऱ्हायली!"

शेजारी बनुबाई खाली बसून लुगड्याच्या ओच्यात हळकुंडं भरत होती. तीन एकरांची हळद, आणि ती म्हातारी ओच्यात भरत होती. ओचा भरला की चार पावलं जाऊन ओतायची आणि पुन्हा बसायची.

सूरजनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "आपलं झाकू आधी."

केरबानं बयाबाईकडं बघितलं. काही बोलला नाही. आज तो काही बोलणार नाही, हे तिला कळलं. पोती डोक्यावर न्यायचं त्यानं ठरवलं होतं. हे त्यानं तिच्यावर सोडलं होतं.

बयाबाई ताडपत्रीच्या टोकावर उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं लालासाहेब आला, गाडीला टेकलेला. चार तारा काय जड हायत? तिला तो राग हवा होता. आठवडाभर तिनं तो जपला होता, मानेच्या दुखण्यासारखा. पहिला थेंब तिच्या हातावर पडला, मोठा, गार. समोर म्हातारी पुन्हा खाली बसली आणि या वेळी तिला उठताच येईना.

"ताडपत्री घ्या," बयाबाई म्हणाली.

"आये!"

"घे म्हणते न्हवं. आपल्यावर कागद टाकते मी. पळ."

सूरज दोन क्षण उभा राहिला. मग त्यानं ताडपत्री खांद्यावर टाकली आणि शिव्या देत पळाला. शिव्या कुणाला होत्या ते त्यालाच ठाऊक. केरबा दाताळं घेऊन मागोमाग. बयाबाईनं एका राशीवर फाटका कागद टाकला, चारी कडांना दगड ठेवले, दुसरी रास तशीच सोडली आणि तीही धावली. तिनं आधी बनुबाईला बगलेत धरून उठवलं आणि झाडाखाली बसवलं. मग खोलीच्या कडीत सूरजनं तिथंच पडलेली पहार घातली.

"संयोगिता, कडी तोडू का?"

"तोडा दादा! मी सांगते मामांजींना."

ताडपत्र्या निघाल्या. पाऊस आडवा येत होता, डोळे उघडू देत नव्हता. चौघांनी मिळून राशी केल्या, एकावर एक ताडपत्र्या ओढल्या, वाऱ्यानं उडतात म्हणून कडांवर लोळणच घातली. संयोगिताचं पोर बनुबाईच्या मांडीवर रडत होतं. अर्ध्या तासात सगळं संपलं. ढग पुढं गेले आणि पश्चिमेकडून तिरपं ऊन पडलं.

लालासाहेबाची हळद बहुतेक कोरडी राहिली. बयाबाई आपल्या राशींकडं आली. कागदाखालची रास बरी होती, फाटक्या जागी तेवढी भिजलेली. दुसरी पार चिंब झाली होती. पिवळं पाणी ओघळून मुरमात गेलं होतं. भिजलेल्या हळदीचा रंग मरतो. तिनं एक हळकुंड उचललं, बोटानं घासलं आणि परत ठेवलं.

"गेली की गं," केरबा जवळ येऊन म्हणाला.

"निम्मी ऱ्हायली."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की. न्हाई वाटणार व्हय?" ती म्हणाली. मग पदर पिळता पिळता म्हणाली, "पर राग गेला. मानंत हुता तो. मघाशी कुठं पडला कुणास ठावं."

केरबा हसला. भिजलेली रास तेवढी पोत्यांत भरून त्यांनी घराच्या अंगणात नेली, म्हणजे तिथं पातळ पसरता येईल.

रविवारी सकाळी ईस्टर. बयाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, केरबानं इस्त्रीचा सदरा घातला. अंगणात हळद पसरली होती आणि कोवळं ऊन तिच्यावर आलं होतं. निघणार एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

लालासाहेब उतरला. आज अंगावर कालच्या लग्नाचाच शर्ट, चुरगाळलेला. हाताला दोन ठिकाणी खरचटलं होतं. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि हळदीकडं बघत राहिला.

"भिजली," तो म्हणाला.

"थोडी," केरबा म्हणाला.

"आईनं सांगितलं मला सगळं. रातभर बोलत हुती." त्यानं खरचटलेला हात मागं नेला. "तार काढली मी. आत्ता. गडी झोपल्यात अजून, मग मीच काढली."

सूरज दारात उभा होता.

"पावसाळ्यापतूर चालू दे वाट," लालासाहेब घाईनं म्हणाला. "मग बसून बघू. आन् ट्रॅक्टर नीट वळवायचा."

"वळवतो की," सूरज म्हणाला. "मी सोता पुढं चालतो."

"बसा आण्णा," केरबा म्हणाला. "आज सण हाय आमचा. चा घ्या."

लालासाहेबाच्या घरातल्या कुणीही आजवर या घरचं पाणी घेतलं नव्हतं. असं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोन्ही घरांना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. केरबाच्या तोंडून शब्द गेले आणि मग त्यालाही ते आठवलं. बयाबाई उंबऱ्यात थांबली.

लालासाहेबानं चपला काढल्या. ओट्यावर बसला.

आत जाऊन तिनं चहा टाकला. कपबशी दोनदा पुसली. तिनं बाहेर आणून दिली. लालासाहेबानं बशीत ओतला, फुंकर मारली, प्याला.

"साखर लय झाली," तो म्हणाला.

"सणाची हाय," बयाबाई म्हणाली.

तो हसला. अर्धवट, मिशीतल्या मिशीत. "आज काय आसतंय तुमचं?"

केरबा त्याच्या शेजारी बसला. "आज आमचा राजा मरणातनं उठला."

लालासाहेबानं बशी खाली ठेवली. मागच्या शनिवारी वाटेच्या तोंडाशी आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं असावं. त्याचा चेहरा उतरला. केरबानं ते बघितलं आणि लगेच म्हणाला, "घ्या, अजून घ्या चा. हाय आत."

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. स्वप्नाली लगबगीनं बाहेर आली.

"जावा तुमी," लालासाहेब म्हणाला. "उशीर नगा करू. मी बसतो वाईच हितं."

"हितं?"

"कोंबड्या येत्यात हळदीवर. बघतो मी."

केरबा आणि बयाबाईनं एकमेकांकडं बघितलं. मग चौघं निघाली. गल्लीच्या वळणावर बयाबाईनं मागं वळून बघितलं. लालासाहेब ओट्यावरून खाली उतरला होता. अंगणात उकिडवा बसून, एकेक भिजलं हळकुंड हातानं उलटून, तो त्याची ओली बाजू उन्हाला लावत होता.